रिसॉर्टवर आठवडाभर राहायचंय? जेवणाचा हिशोब घरूनच करून निघा (गोवा, पाच माणसं)

गोव्याचं सहा रात्रींचं बुकिंग करताना रूमचा रेट आपण चार साइटवर फिरून बघतो, पाच-सातशे वाचले की खूश होतो, आणि जेवणाचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू". तिकडे गेल्यावर काय बघणार, पोरं पूलमधून ओली कुडकुडत बाहेर आलेली असतात, सगळ्यांना भूक लागलेली असते आणि समोर रिसॉर्टचं एकच रेस्टॉरंट असतं, मग जे बिल येईल ते येईल. म्हणून हे घरी बसून, निघायच्या आधी करायचं काम आहे. माझं मत आधीच सांगते: गोव्यासारख्या ठिकाणी नाश्ता बुकिंगमध्येच घ्या, दुपारचं मोठं जेवण बाहेर करा, रात्री रिसॉर्टमध्ये जेवायचं असेल तर मेनूवरून मागवा, आणि सगळी जेवणं धरलेला प्लॅन शक्यतो घेऊ नका. का ते खाली आकड्यांसकट.

उदाहरणाला नवरा-बायको, एक आजी, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा धरू. खालचे भाव समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या रिसॉर्टचा मेनू मागवून घ्या (व्हॉट्सॅपवर मागितला की बहुतेक जण पाठवतात) आणि तिथे आपले आकडे टाका.

पहिलं काम म्हणजे जेवणं मोजणं. सहा रात्री सात दिवस म्हटलं की डोक्यात सात नाश्ते, सात दुपारची आणि सात रात्रीची जेवणं येतात, पण चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला असतं, त्यामुळे खरे नाश्ते सहा, दुपारची पूर्ण जेवणं पाच आणि रात्रीची सहा, शिवाय जाता-येता प्रवासातली दोन. यात सगळ्यात महाग भाग रात्रीच्या सहा जेवणांचा, लक्ष तिथे ठेवायचं.

आता प्लॅनची भानगड. बुकिंग करताना ईपी, सीपी, एमएपी, एपी असं काहीतरी लिहिलेलं असतं. ईपी म्हणजे नुसती रूम. सीपी म्हणजे नाश्त्यासकट. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही. ऑल इन्क्लुझिव्ह असेल तर त्यात ड्रिंक्ससुद्धा, पण कुठली आणि किती वाजेपर्यंत ते विचारून घ्यायचं.

सीपी जवळजवळ नेहमीच परवडतो. बघा, नाश्त्याचा बुफे माणशी ६०० धरला तर १८ टक्के टॅक्स (तो का, ते पुढे येतं) धरून ७०८ होतात, तीन मोठ्यांचे २१२४ आणि मुलीचा अर्धा रेट ३५४, म्हणजे रोजचे २४७८, आणि साइटवर नाश्ता नसलेल्या आणि असलेल्या रूमच्या रेटमधला फरक साधारण यापेक्षा बराच कमी दिसतो. फक्त एक प्रश्न नक्की विचारायचा, तिसऱ्या माणसाचा म्हणजे एक्स्ट्रा बेडवाल्या आजींचा नाश्ता त्यात धरलाय का. बऱ्याच ठिकाणी दोघांचाच धरलेला असतो आणि हे पहिल्या सकाळी टेबलावर बसल्यावर कळतं. मुलांचंही तेच, कुठे पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठे सहा, अर्धा रेट कुठे बारापर्यंत, सगळ्यांचे नियम वेगळे, म्हणून वय सांगूनच विचारा आणि उत्तर मेलवर किंवा व्हॉट्सॅपवर लेखी घ्या, फोनवर "हो हो मॅडम" म्हणणारा माणूस आपण पोचतो त्या दिवशी ड्युटीवर नसतो.

एमएपीचं गणित मात्र वेगळं पडतं. रात्रीचा बुफे माणशी १२०० धरू, त्यावर १८ टक्के, झाले १४१६. तीन मोठ्यांचे ४२४८, मुलीचे ७०८, छोट्याचं फुकट. एका रात्रीचे ४९५६. सहा रात्रींचे २९,७३६! आणि खाणार कोण? आजी रात्री वरणभात आणि ताक एवढंच घेणार, मुलगी पास्ता आणि दोन चमचे आइस्क्रीम. त्याच रेस्टॉरंटमध्ये मेनूवरून दोन भाज्या ४५०च्या, एक डाळ ३५०ची, एक भात २५०चा आणि आठ रोट्या ७०ने, असे २०६० होतात, टॅक्स धरून २४३०. म्हणजे बुफेच्या निम्म्यात पाच माणसं नीट जेवतात आणि बहुतेक वेळा भाजी उरते. बुफे त्याला परवडतो जो खरंच चार फेऱ्या मारतो. घरात कॉलेजला जाणारी दोन पोरं असतील तर मी माझे शब्द मागे घेते.

एमएपी घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी आधी विचारा. रात्रीऐवजी दुपारी जेवलं तर चालेल का, आणि एखाद्या रात्री बाहेर जेवलो तर पैसे वळते होतात का (दुसऱ्याचं उत्तर बहुतेक "नाही" असतं, म्हणूनच लोक पणजी फिरायला गेलेले असतात आणि साडेआठला घाईघाईने परत पळतात, कारण जेवण भरलंय ना, वाया नको). शिवाय रिसॉर्ट रिकामं असेल तर बुफेऐवजी ठरावीक थाळी देतात, तेही विचारून ठेवा.

अपवाद आहेत. ताडोब्यासारख्या जंगलातल्या रिसॉर्टला सगळ्या जेवणांसकटच घ्यावं, सफारीच्या वेळा बघता दुसरीकडे जेवायला जाणं जमत नाही आणि आसपास फार काही नसतंच. पावसाळ्यातला गोवा हा पण थोडा तसाच प्रकार. बीचवरचे शॅक (तात्पुरती झोपडीवजा रेस्टॉरंट) मे संपता संपता उतरवतात ते पावसाळा सरल्यावर परत उभे राहतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी, त्यामुळे बाहेर ताजा मासा कमी आणि महाग, आणि त्याच वेळी रिसॉर्ट जेवणासकट पॅकेज स्वस्तात देतात. तेव्हा गणित उलटं पडू शकतं, मांडून बघा.

टॅक्सबद्दल थोडं सविस्तर, कारण अंदाज इथेच चुकतो. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटला बऱ्याचदा १८. लोकांना वाटतं आपली रूम साडेसात हजारांच्या आतली आहे म्हणजे जेवणावर ५ टक्केच लागणार, पण तसं नाहीये. १ एप्रिल २०२५पासून नियम असा आहे की त्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एखादी जरी रूम दिवसाला ७५००च्या वर विकली असेल तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, तुम्ही ऑफ सीझनला चार हजारांत राहिलात तरीही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यातल्या बऱ्याच रिसॉर्टचा रेट ७५००च्या वर जातोच, बाकी समजून घ्या. मेनूवरचे भाव टॅक्सशिवायचे असतात, म्हणून मेनू बघताना मनातल्या मनात प्रत्येक आकड्यात जवळजवळ पाचवा हिस्सा वाढवूनच बघायचा. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा वेगळा टॅक्स असतो, बिलात ती वेगळीच दिसते.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये तो आपोआप बिलात लावू नये असं सांगितलं, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, भांडायची गरज पडत नाही सहसा, नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वेटरने चांगलं बघितलं असेल तर त्याच्या हातात द्या की पैसे, ते जास्त बरं. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडत बसू नका, हॉटेलवाले एमआरपीपेक्षा जास्त लावू शकतात असा सुप्रीम कोर्टाचा २०१७चा निकाल आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाची बाटली घरून न्यायची, रूममध्ये रोज ठेवतात त्या दोन फुकटच्या बाटल्या वापरायच्या, लॉबीत किंवा जिमजवळ फिल्टरचं पाणी कुठे मिळतं ते पहिल्याच दिवशी विचारायचं आणि बाहेर गेल्यावर दुकानातून पाच लिटरचा कॅन आणायचा.

आणि चहा! जेवणाबद्दल सगळे बोलतात, चहाबद्दल कोणी बोलत नाही. तीन मोठी माणसं, नाश्त्याव्यतिरिक्त दिवसातून दोन चहा, कप १५०चा, टॅक्ससकट १७७. रोजचे १०६२, सहा दिवसांचे ६३७२ रुपये. चहाचे! रूममध्ये किटली असतेच, तेव्हा घरून चहा पावडर, साखर, दूध पावडर, थोडी सुंठ आणि एक गाळणी घ्या. किटलीत फक्त पाणी उकळायचं, दूध घालायचं नाही, ते तळाला लागतं आणि मग पुढच्या माणसाच्या पाण्यालाही वास येतो. आजींना "आपला" चहा मिळाला की अर्धी ट्रिप यशस्वी.

खाऊचा डबा न्याच. चिवडा, शंकरपाळी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, छोट्यासाठी खजूर-बिस्किटं. पोरांना पूलनंतर जी भूक लागते ती जेवणाची भूक नसते, पण पूलसाइडला ती ४५०च्या फ्रेंच फ्राइजची होते, आणि एकदा दिले की रोज. कुणाचा उपास येत असेल, संकष्टी-एकादशी कॅलेंडरवर बघून घ्या, राजगिऱ्याचे लाडू आणि वेफर्स सोबत ठेवा, साबुदाण्याची खिचडी रिसॉर्टवाले आदल्या दिवशी सांगितलं तर कधीकधी करून देतात पण त्यावर विसंबू नका. बाहेरचं खाणं रेस्टॉरंटमध्ये आणि पूलवर चालत नाही, रूममध्ये बहुतेक ठिकाणी कोणी काही म्हणत नाही, तरी विचारलेलं बरं.

आता एका गोष्टीवर माझं आणि बऱ्याच नातेवाइकांचं पटत नाही. इंडक्शन नेऊ, छोटा कुकर नेऊ, रूममध्येच खिचडी टाकू. एक तर बहुतेक रिसॉर्ट आगीच्या भीतीने हे चालू देत नाहीत. आणि किचनवाली रूम असली, मेंबरशिपवाल्या रिसॉर्टमध्ये असते कधीकधी, तरी खिचडी टाकणार कोण? आईच ना? मग तिची सुट्टी कुठली यातली. वाचलेले चारशे-पाचशे रुपये तिच्या संध्याकाळीतून वसूल होतात, हे बजेटमध्ये धरत नाही आपण. एखाद्या रात्री मॅगी किंवा नुसतं ऑम्लेट-पाव ठीक आहे, तेही बाबांनी करावं.

बाहेरच्या जेवणाकडे येऊ. गोव्यात दुपारचं जेवण बाहेर करण्यात शहाणपण अशासाठी की थाळी दुपारीच असते, ताजी असते आणि त्यात सगळं येतं. भात, माशाचं हुमण, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर), सोलकढी, एक तळलेली तुकडी. तुकडी बांगड्याची घेतली तर थाळी स्वस्त, इसवण घेतली तर वाढते (इसवण म्हणजे आपली सुरमई). शाकाहारी थाळीही असते. दहा वर्षांची मुलगी पूर्ण थाळी संपवत नाही, तिला आईच्या थाळीतलं आणि वर एक भात किंवा चपाती पुरते, छोट्याला वरणभात. साडेबाराला पोचा, दीडनंतर चांगला मासा संपलेला असतो, आणि तीनला बरीच किचन बंद होतात ती थेट सातला उघडतात. मधल्या वेळात भुकेने कावलेली पोरं घेऊन फिरणं म्हणजे महागड्या कॅफेत शिरण्याची तयारीच. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणारी ठिकाणंही बरीच, आधी फोन करा.

मासा वजनावर असेल, म्हणजे मेनूवर भाव न लिहिता "साइजप्रमाणे" लिहिलं असेल, तर ताटात आणून दाखवतात तेव्हाच विचारायचं: हा एवढाच किती रुपयांना, मसाला आणि तळणं धरून. संकोच करू नका, तिथले लोकही विचारतात. शॅकवरचं बिल फुगतं ते पॉम्फ्रेट आणि टायगर प्रॉन्समुळेच.

पणजीला फिरायला गेलात तर कॅफे भोसले किंवा कॅफे टाटोमध्ये भाजी-पाव खा. पातळ भाजी, सुकी भाजी, मिरची भजी, चहा, पाच माणसांचं पोट भरून जेवढं बिल होतं तेवढ्यात रिसॉर्टमध्ये दोन सँडविच येतात. आणि सकाळ-संध्याकाळ गावातून सायकलवर भोंपू वाजवत पोदेर (पाववाला) जातो त्याच्याकडून गरम पोई (गव्हाचा गोवन पाव) घ्या, शेंगदाण्याची चटणी आहेच आपल्याकडे, संध्याकाळच्या खाण्याचा प्रश्न मिटला. दूध, दही, केळी, बिस्किटं यासाठी बागायतदार बाजार किंवा गावातलं कुठलंही किराणा दुकान, रिसॉर्टच्या आतल्या दुकानात फक्त बघायला जायचं.

पण थांबा, बाहेरचं जेवण स्वस्त हे टॅक्सी धरल्यावरच ठरवायचं. गोव्यात ओला-उबर नाही. गोवामाइल्सचं ॲप आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी. जाऊन-येऊन १००० गेले आणि जेवण १५०० झालं तर ते २५००चं जेवण झालं, मग रिसॉर्टचं २४३०चं काय वाईट होतं? म्हणून जेवायला म्हणून मुद्दाम टॅक्सी करायची नाही, फिरायला निघालोय त्या वाटेवर जेवायचं. किंवा भाड्याची गाडी घ्या, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच, खासगी पाटीची गाडी कोणी भाड्याने देत असेल तर पोलिसांनी धरल्यावर वाचवलेलं सगळं जातं. अजून बरं म्हणजे रिसॉर्ट निवडतानाच गूगल मॅपवर गेटपासून चालत दहा मिनिटांत काय काय आहे ते बघा. कॅव्हलोसिम, कोलवा, बाणावली इथे रस्त्यालगत भरपूर रेस्टॉरंट आहेत. एखादं रिसॉर्ट रात्रीला पाचशेने स्वस्त पण गावापासून चार किलोमीटर आत, असं असेल तर ते स्वस्त नाहीये. स्विगी-झोमॅटो तुमच्या गेटपर्यंत पोचतं का हे ॲपमध्ये तिथला पत्ता टाकून घरबसल्या कळतं, रिसॉर्ट आत सोडत नसेल तर गेटवर जाऊन घ्यायचं, शतपावलीही होते.

या सगळ्याचा आठवडा मांडला तर असा दिसतो. नाश्ते रूमच्या रेटमध्ये धरलेले. दुपारची पाच जेवणं बाहेर, १५००ने ७५००. रात्रीच्या सहांपैकी दोन रिसॉर्टमध्ये मेनूवरून, ४९०० धरा. एक रात्र बुफे, हो, एक घ्यायचाच, गोवन नाइट किंवा बार्बेक्यू असेल त्या दिवशी, लाइव्ह म्युझिक असतं, पोरं नाचतात, ५०००. एक रात्र शॅकवर, मासा-बिसा, ३५००. दोन रात्री हलकं, पार्सल पुलाव किंवा बाहेरून मागवलेलं, ९००ने १८००. वरखर्च म्हणजे आइस्क्रीम, शहाळं, भाजी-पाव, रोजचे ५०० असे सहा दिवसांचे ३०००. प्रवासातली दोन जेवणं ३०००. एकूण २८,७००. वर अडचणीला तीन हजार वेगळे. वर बघा, नुसते सहा रात्रींचे बुफेच २९,७३६ होत होते, त्याच्या आत इथे अख्खा आठवडा जेवून झाला, शॅक आणि एक बुफे धरून. हलक्या दोन रात्री शॅक आणि बुफेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, पोटही तेच मागत असतं.

रिसॉर्टमध्ये प्रत्येक वेळी रूम नंबर लिहून सही करतो ना आपण, तिथे पैसे गेल्यासारखं वाटतच नाही. तिसऱ्या रात्री रिसेप्शनवर जाऊन तोपर्यंतचं बिल छापून मागा, ते देतात. दुसऱ्याच्या रूमचं काही लागलं असेल, मिनीबारचं चुकून आलं असेल तर तेव्हाच निस्तरतं, चेक-आउटच्या गडबडीत टॅक्सी बाहेर हॉर्न मारत असताना कोण तपासणार. मिनीबारच्या वस्तू पहिल्याच दिवशी पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, किंवा सरळ काढून न्यायला सांगा. रूममध्ये जेवण मागवलं तर भाव वेगळे किंवा वर ट्रे चार्ज असू शकतो, खाली जाऊन पार्सल घेतलं तर तो लागत नाही बहुतेक. आणि पॅकेजमध्ये "फूड क्रेडिट" (रिसॉर्टमध्येच खाण्यावर वापरायची ठरावीक रक्कम) दिलं असेल तर ते टॅक्स धरून की टॅक्स सोडून, दारूवर चालतं का, आणि एका दिवसाचं उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरता येतं का, हे तीन प्रश्न विचारा.

दोन कुटुंबं मिळून जात असाल तर घरटी निम्मं-निम्मं करू नका, माणशी करा, मुलं अर्धी धरा. दारूचं बिल पहिल्या दिवसापासून वेगळं फाडायला सांगा. न पिणारा भाऊजी सहा दिवस काही बोलत नाही, सातव्या दिवशी घरी जाऊन बोलतो.

नाताळ-३१ डिसेंबरला जाणार असाल तर अजून एक, बरीच रिसॉर्ट २४ आणि ३१च्या रात्री गाला डिनर सक्तीचं करतात, त्याचे पैसे माणशी वेगळे आणि रूमच्या रेटमध्ये ते दिसत नाहीत, खाली बारीक अक्षरात असतात. मुलांचा रेटही वेगळा. बुकिंग करायच्या आधी हा आकडा विचारून वरच्या हिशोबात टाका, मगच ठरवा ३१ला जायचं की ५ जानेवारीला.

परतीच्या दिवशी नाश्ता उशिरा आणि भरपूर करा, साडेनऊला बसा, म्हणजे दुपारी फक्त थोडंसं लागतं. मडगावहून वंदे भारत किंवा तेजसने येणार असाल तर तिकीट काढतानाच जेवण हवं-नको निवडता येतं, पोरांना ते आवडत नसेल तर "नको" करा आणि सकाळी पोदेराकडून चार पोई जास्तीच्या घेऊन ठेवा.